अँटी-टीपीओ वाढलंय आणि मुंग्याही येताहेत: आता काय करायचं?

गेल्या काही महिन्यांत वाचकांकडून येणाऱ्या प्रश्नांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय. सोसायटीतल्या आरोग्य शिबिरात, नाहीतर घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबच्या ‘फुल बॉडी चेकअप’मध्ये थायरॉइडच्या चाचण्या झालेल्या असतात. टीएसएच ५.८. त्याखाली ठळक अक्षरांत अँटी-टीपीओ ४१२, शेजारी ‘हाय’. नेमक्या त्याच सुमारास हातापायांना मुंग्या येत असतात, ओळखीच्या माणसाचं नाव जिभेवर येत नाही, लोकलमधून उतरताना तोल गेल्यासारखं होतं. मग घरातलं कुणीतरी मोबाइलवर शोधतं, ‘हाशिमोटो एन्सेफॅलोपॅथी’ हे नाव सापडतं आणि त्या रात्री घरात कुणाला झोप लागत नाही.

उत्तर आधीच सांगून टाकते. त्या आकड्यावरून मेंदूचा किंवा नसांचा आजार ठरत नाही. तुमची लक्षणं मात्र खरी आहेत. त्यांचं कारण शोधायलाच हवं आणि बहुतेकदा ते साध्या, बऱ्या होणाऱ्या गोष्टीत सापडतं. काही मोजक्या लक्षणांमध्ये मात्र एक दिवसही वाया घालवायचा नसतो. हे दोन प्रकार वेगळे कसे ओळखायचे, ते पुढे वाचा.

रिपोर्ट कसा वाचायचा

टीपीओ हे थायरॉइड ग्रंथीतलं एक विकर. संप्रेरक तयार करायला ते लागतं. शरीराची संरक्षण यंत्रणा चुकून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, तयार करते तेव्हा रिपोर्टमध्ये अँटी-टीपीओ वाढलेलं दिसतं. थायरोग्लोब्युलिनविरुद्धच्या अँटीबॉडी म्हणजे अँटी-टीजी. दोन्हींचा अर्थ एवढाच, की ग्रंथीत स्वयंप्रतिकाराची प्रक्रिया चालू आहे किंवा तसा कल आहे.

असा कल किती जणांत असतो? २०१३ साली भारतातल्या आठ शहरांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात मुंबई होती, गोवाही होता. पाच हजारांहून अधिक प्रौढांपैकी जवळपास २२ टक्क्यांच्या रक्तात अँटी-टीपीओ सापडल्या. म्हणजे पाचात एक. सकाळच्या बोरिवली फास्टच्या लेडीज डब्यात अशा कितीतरी जणी असतील. त्यांतल्या बहुतेकींना मेंदूचा कसलाही आजार नसतो आणि अनेकींना आपल्या रक्तात हे आहे याची खबरही नसते. आता दुसरा आकडा पाहा. हाशिमोटो एन्सेफॅलोपॅथीचं प्रमाण लाखामागे दोनच्या आसपास असल्याचा अंदाज एका युरोपीय पाहणीत मांडला गेला होता. लाखात बावीस हजार कुठे आणि दोन कुठे!

रिपोर्ट हातात घेतल्यावर या क्रमाने पाहा:

- टीएसएच आणि फ्री टी४: आज ग्रंथी कसं काम करतेय, ते या दोघांवरून कळतं. उपचाराचा निर्णय यांच्यावर होतो, अँटीबॉडीवर नाही.
- अँटी-टीपीओ: ‘आहे’ की ‘नाही’ एवढंच पाहा. एका लॅबची मर्यादा ९ असते, दुसरीची ३४, तिसरीची ६०. यंत्रं वेगळी, पद्धती वेगळ्या. त्यामुळे अंधेरीच्या लॅबचा ४१२ आणि मुलुंडच्या लॅबचा २९० यांची तुलना करण्यात अर्थ नाही.
- ‘१३०० पेक्षा जास्त’ असं छापलं असेल तर: यंत्राची मोजण्याची मर्यादा तिथे संपली, एवढाच त्याचा अर्थ. आकडा मोठा म्हणजे मेंदूला धोका मोठा, असं गणित नाही.

दर तीन महिन्यांनी अँटी-टीपीओ पुन्हा करून घेणाऱ्यांना माझी विनंती आहे, ते पैसे वाचवा. आकडा वरखाली होत राहतो आणि त्यावरून औषध बदलत नाही. पुन्हा करायची ती टीएसएच.

केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवा. थायरॉइडच्या अनेक चाचण्यांच्या पद्धतीतच बायोटिन वापरलेलं असतं. गोळ्यांमधल्या ५ किंवा १० मिलिग्रॅम बायोटिनमुळे टीएसएच खोटं कमी, फ्री टी४ खोटं जास्त आणि काही यंत्रांवर अँटी-टीपीओसुद्धा खोटं जास्त दिसू शकतं. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस या गोळ्या बंद ठेवा आणि ‘केसांच्या गोळ्या घेते’ हे लॅबवाल्याला आणि डॉक्टरांना सांगा. यांना औषध समजलं जात नाही, म्हणून हे सांगायचंच राहून जातं.

ज्या नावाने झोप उडते, तो आजार नेमका कोणता

हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी १९१२ मध्ये थायरॉइड ग्रंथीच्या एका विशिष्ट सुजेचं वर्णन केलं. त्यात मेंदूचा संबंध नव्हता. १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये लॉर्ड ब्रेन आणि सहकाऱ्यांनी थायरॉइडचा हा आजार आणि मेंदूचे झटके एकाच रुग्णात असल्याचं नोंदवलं, तेव्हापासून ही जोडी चर्चेत आली. पुढे कितीतरी वर्षं ‘अँटी-टीपीओ वाढलेलं आणि कारण कळत नाही’ एवढ्यावर हे नाव दिलं जाई.

२०१६ मध्ये मेंदूच्या स्वयंप्रतिकार आजारांसाठी तज्ज्ञांनी निकष ठरवले. त्यानुसार हे निदान करायला पुढच्या सगळ्या गोष्टी एकत्र लागतात:

१. मेंदूचं काम बिघडल्याची ठळक लक्षणं, आणि सोबत फिट्स, हातापायांचे अचानक झटके, भास किंवा पक्षाघातासारखे प्रसंग
२. थायरॉइडचा सौम्य किंवा जेमतेम दिसणारा बिघाड
३. मेंदूचा एमआरआय सामान्य, किंवा ज्यातून खास काही कळत नाही असा
४. रक्तात थायरॉइडच्या अँटीबॉडी
५. मेंदूवर हल्ला करणाऱ्या ओळखीच्या अँटीबॉडी रक्तातही नाहीत आणि मणक्यातल्या पाण्यातही नाहीत
६. बाकीची कारणं नीट तपासून वगळलेली

ज्या अँटीबॉडीमुळे तुमची झोप उडाली, ती सहांपैकी एक अट आहे. सगळ्यात महत्त्वाची अट शेवटची, आणि घाईत तीच गाळली जाते.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २०२१ मध्ये आपल्याकडच्या रुग्णांचा हिशोब मांडला. या आजाराच्या संशयाने पाठवलेल्या १४४ रुग्णांपैकी फक्त ३९ जणांना मेंदूचा किंवा मज्जारज्जूचा खरोखर स्वयंप्रतिकार आजार होता. उरलेल्या १०५ जणांचं निदान वेगळंच निघालं. त्यांत सगळ्यात वर होता फंक्शनल न्यूरोलॉजिकल डिसऑर्डर. त्याखाली मेंदूच्या झिजेचे आजार, दीर्घ वेदना, मानसिक आजार, झोपेचे विकार. तिथेही चारांपैकी तिघांना नाव चुकीचं चिकटलेलं होतं.

आधी ही कारणं तपासून घ्या

पुढची यादी डॉक्टरांसमोर ठेवा. हिच्यातल्या पहिल्या काही तपासण्या तुमच्या फॅमिली डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही होतात.

बी१२ची कमतरता. हिच्यावर मी मुद्दाम थांबते, कारण आपल्याकडे हेच सगळ्यात जास्त हुकतं. बी१२ प्राणिज अन्नातून मिळतं. शाकाहारी घरांत, मग ते घाटकोपरचं जैन कुटुंब असो की मुलुंडचं मराठी, दूधदुभतं बेताचं असेल तर पातळी हळूहळू खाली जाते. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ती आणखी घटते. अॅसिडिटीच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांतही. शिवाय थायरॉइडविरुद्ध अँटीबॉडी असणाऱ्यांपैकी काहींच्या जठराच्या अस्तराविरुद्धही अँटीबॉडी असतात आणि मग खाल्लेलं बी१२ शोषलंच जात नाही. परिणाम काय? पायांना मुंग्या, चालताना गादीवर पाय पडल्यासारखं वाटणं, अंधारात तोल जाणं, विसराळूपणा, चिडचिड. म्हणजे तुम्ही ‘थायरॉइड मेंदूत गेलं’ म्हणून घाबरलात ती सगळी लक्षणं.

इथे क्रम महत्त्वाचा. आधी रक्त द्या, मग इंजेक्शन घ्या. अनेकदा दवाखान्यात मुंग्या म्हटल्याबरोबर बी१२चं इंजेक्शन टोचलं जातं आणि नंतरचा रिपोर्ट छान येतो. पातळी सीमारेषेवर असेल तर होमोसिस्टीन किंवा मिथाइल मॅलोनिक अॅसिड या चाचण्यांनी उलगडा होतो. बी१२ कमी असताना नुसत्या फॉलिक अॅसिडच्या गोळ्या घेऊ नका. रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान आतून चालूच राहतं.

खुद्द थायरॉइडचा बिघाड. संप्रेरक खरोखर कमी असेल तर मनगटाची नस दबून अंगठा आणि पहिली दोन बोटं रात्री बधिर होतात, स्नायू दुखतात, विचार संथ होतात, झोपेत घोरणं आणि श्वास अडकणं वाढतं. अँटीबॉडीला न धरता टीएसएच ताळ्यावर आणलं की यातलं बरंच सुधारतं. उलट्या बाजूने, संप्रेरक जास्त झालं तर हात थरथरतात आणि तरुण पुरुषांत क्वचित पोटॅशियम घसरून सकाळी उठताना पाय उचलतच नाहीत.

रक्तातले क्षार आणि साखर. सोडियम, कॅल्शियम, साखर, यकृत आणि मूत्रपिंड. वयस्कर माणूस अचानक बरळायला लागला तर सोडियम आधी पाहतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी ते उतरतं.

तुमच्या डब्यातल्या गोळ्या. झोपेच्या गोळ्या, अॅलर्जीच्या गोळ्या, ‘नसांच्या ताकदीच्या’ गोळ्या. त्यातलं बी६ दीर्घकाळ जास्त मात्रेत घेतलं तर त्यानेच नसा बिघडतात. कुणाकडून आणलेली पुडी किंवा भस्म चालू असेल तर तेही सांगा. काहींत शिसं सापडलेलं आहे आणि शिशाने नसांना इजा होते.

थायरॉइडच्या सोबतीने येणारे इतर स्वयंप्रतिकार आजार. संध्याकाळी पापणी झुकते, एकाची दोन माणसं दिसतात, बोलता बोलता आवाज थकतो, तर मायस्थेनियाचा, म्हणजे स्नायू लवकर थकण्याच्या आजाराचा, विचार व्हायला हवा. एका डोळ्याची नजर दुखत दुखत कमी झाली तर डोळ्याच्या नसेची सूज. जुलाब, रक्तक्षय आणि तोल जाणं असं एकत्र असेल तर सिलिअॅक, म्हणजे गहू न सोसण्याचा आजार. सिलिअॅकची चाचणी होईपर्यंत पोळी सोडू नका. गहू बंद केल्यावर चाचणी खोटी ‘नॉर्मल’ येऊ शकते.

फंक्शनल न्यूरोलॉजिकल डिसऑर्डर. मेयोच्या यादीत सगळ्यात वर हेच होतं, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त राग येतो तो याच निदानाचा. ‘म्हणजे मी नाटक करतेय का?’ नाही. हात खरोखर थरथरतो, पाय खरोखर उचलत नाही. मेंदूची रचना ठीक असते, काम करताना ताळमेळ बिघडतो. तपासणीतल्या ठरावीक खुणांवरून अनुभवी न्यूरॉलॉजिस्ट हे ओळखतात. फिजिओथेरपी आणि मानसोपचाराने सुधारणा होते. अँटीबॉडीच्या मागे लागून दोन वर्षं गेली तर ती वर्षं इथेच वाया गेलेली असतात.

हे दिसलं तर थांबू नका

पुढच्यापैकी काहीही असेल तर लॅबचे रिपोर्ट गोळा करत बसू नका. १०८ला फोन करा किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात पोचा.

- चेहरा एका बाजूला ओढला जाणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. लक्षणं सुरू झाली ती वेळ नोंदवा.
- पाच मिनिटांपेक्षा लांबलेली फिट, किंवा शुद्धीवर न येता आलेली दुसरी.
- ताप आणि त्यासोबत बरळणं, मान आखडणं, असह्य डोकेदुखी. मुंबईत क्षयरोगाचा मेंदूज्वर आजही दिसतो, आणि तो कित्येकदा दोन-तीन आठवड्यांत हळूहळू चढतो.
- काही दिवसांत किंवा आठवड्यांत माणूस ओळखू न येण्याइतका बदलणं: भास, संशय, झोप उडणं, तोंडाच्या विचित्र हालचाली, फिट्स. तरुण मुलींमध्ये असं चित्र एनएमडीए अँटीबॉडीच्या मेंदूदाहात दिसतं. २००७ मध्ये ओळखला गेलेला हा आजार वेळेत उपचार मिळाले तर बहुतेकांत बरा होतो. बाधा समजून देवऋषीकडे घालवलेला आठवडा इथे महागात पडतो.
- थायरॉइडचा जुना रुग्ण, गोळ्या बंद, अंग गार आणि गुंगी वाढत चाललेली.

डॉक्टरांसमोर जाण्याआधी

न्यूरॉलॉजिस्टकडे तुम्हाला दहा-पंधरा मिनिटं मिळणार. फाइलच्या जाडीपेक्षा एका पानावरची नीट नोंद जास्त कामाला येते. ती अशी असावी:

*‘१२ जून: दोन्ही तळपायांना मुंग्या सुरू. जुलै: घोट्यापर्यंत. ३ ऑगस्ट: अंघोळ करताना डोळे मिटले आणि तोल गेला. हात ठीक. मेटफॉर्मिन ६ वर्षं. मांसाहार नाही. बायोटिन मार्चपासून.’*

यात ‘खूप अशक्तपणा’, ‘डोकं जड’ असे शब्द नाहीत, हे लक्षात आलं असेलच. कुठे, कधीपासून, पसरतंय का, कशाने वाढतं, हे लिहा. ‘चक्कर’ म्हणताना भिंती फिरतात की डोळ्यांपुढे अंधारी येते की पाय लटपटतात, ते वेगळं सांगा. तिन्हींची कारणं वेगळी.

झटका येतो तो नेहमी दवाखान्याबाहेर. म्हणून घरच्यांना सांगून ठेवा, की प्रसंग आला तर मोबाइलवर चित्रण करायचं. चेहरा, डोळे उघडे की मिटलेले, दोन्ही हात फ्रेममध्ये आले पाहिजेत. अर्ध्या मिनिटाच्या अशा चित्रणाने कधी कधी मोठ्या तपासण्यांपेक्षा जास्त कळतं. विसरण्याची तक्रार असेल तर घरातलं माणूस सोबत न्याच. काय विसरतो ते विसरणाऱ्याला कसं सांगता येणार?

कुठे जायचं

पहिली पायरी तुमचे फॅमिली डॉक्टर किंवा एमडी फिजिशियन. आधी एंडोक्रायनॉलॉजिस्ट की न्यूरॉलॉजिस्ट, हा प्रश्न अनेक जण विचारतात. टीएसएच दहाच्या आत आहे आणि मुख्य त्रास नसांचा किंवा मेंदूचा आहे, तर आधी न्यूरॉलॉजिस्ट. टीएसएच बरंच वर आहे किंवा गरोदरपण आहे, तर थायरॉइडकडे आधी लक्ष.

खासगी रुग्णालयांची उपनगरांत वाण नाही. पालिकेच्या व्यवस्थेत जायचं असेल तर घाटकोपरला राजावाडी, मुलुंडला अगरवाल रुग्णालय, कांदिवलीला शताब्दी, अंधेरीकरांना जुहूचं कूपर. तिथे मेडिसिनच्या ओपीडीत दाखवा, प्राथमिक रक्तचाचण्या करून घ्या आणि गरज असेल तर मोठ्या रुग्णालयाच्या न्यूरॉलॉजी विभागासाठी चिठ्ठी मागा. असे विभाग परळच्या केईएम, शीवच्या लोकमान्य टिळक आणि मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयांत आहेत. मुलुंड-घाटकोपरहून सायन स्टेशन सोयीचं, बोरिवली-अंधेरीहून मुंबई सेंट्रल. केईएमसाठी मध्य रेल्वेवर परळ, पश्चिम रेल्वेवर प्रभादेवी. ओपीडीचे वार ठरलेले असतात आणि केसपेपरची रांग सकाळी लवकर लागते. वार आधी विचारल्याशिवाय आजारी माणसाला पीक अवरच्या गाडीत चढवू नका. कामगार विमा योजनेत असाल तर आपल्या दवाखान्यातून रेफरल घ्या.

मोठ्या तपासण्या आणि स्टिरॉइड

लक्षणं मेंदूची असतील तर एमआरआय आणि ईईजी, नसांची असतील तर नर्व्ह कंडक्शन. सगळ्यांना सगळं लागत नाही. ‘या तपासणीने माझ्या उपचारात काय बदलेल?’ हा प्रश्न निःसंकोच विचारा.

भीती वाटते ती पाठीतून पाणी काढण्याची. ‘त्याने माणूस पांगळा होतो’ हे अजूनही कानावर येतं. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच, पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या मणक्यांच्या मधे घालतात. नंतर काही दिवस उठून बसल्यावर डोकं दुखू शकतं, तेवढं विचारून ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. संसर्ग आहे का, मेंदूत सूज आहे का, हे या पाण्यातून कळतं. स्वयंप्रतिकार मेंदूदाहाची चाचणी रक्त आणि हे पाणी दोन्हींवर करावी लागते. नुसत्या रक्तावर भागवलं तर उत्तर चुकू शकतं.

आता स्टिरॉइड. खरोखर स्वयंप्रतिकार मेंदूदाह असेल तर शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन देतात, साधारण रोज एक ग्रॅम, तीन ते पाच दिवस. तो उपचार लांबवू नये. पण ‘अँटी-टीपीओ जास्त आहे, देऊन पाहू’ म्हणून स्टिरॉइड सुरू होत असेल तर तीन प्रश्न विचारा. क्षयरोग आणि इतर संसर्ग वगळले का? पाठीच्या पाण्याचा नमुना आधी घेतला का? फरक पडला की नाही ते कशावरून आणि कधी ठरवणार? स्टिरॉइडने थोडे दिवस बरं वाटतं ते अनेक आजारांत, त्यामुळे बरं वाटलं म्हणून निदान पक्कं होत नाही. मधुमेह असेल तर साखर उसळते, त्याची तयारी हवी. आणि दीर्घकाळ चाललेली स्टिरॉइडची गोळी स्वतःहून एका दिवसात बंद करू नका.

पैसे, विमा आणि तुमचे हक्क

विम्यात एक खड्डा आहे आणि त्यात बरेच जण पडतात. जवळपास प्रत्येक आरोग्य पॉलिसीत केवळ तपासण्यांसाठी दाखल होण्याचा खर्च वगळलेला असतो. ‘दोन दिवस अॅडमिट व्हा, सगळं क्लेममधून करून घेऊ’ असं कुणी सुचवलं तर दावा नाकारला जाण्याची शक्यता मोठी. खरी गरज म्हणून दाखल झाला असाल तर डिस्चार्ज कार्डवर लक्षणं, दाखल करण्याचं कारण आणि दिलेला उपचार स्पष्ट लिहून घ्या. कंपनीने तक्रारीला महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा ते पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत विनाशुल्क जाता येतं. अंधेरी-बोरिवलीकरांसाठी मुंबई कार्यालय सांताक्रुझला आहे. घाटकोपर (एन प्रभाग) आणि मुलुंड (टी प्रभाग) मात्र ठाणे कार्यालयाकडे येतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. दाखल होण्याआधी त्याला भेटा. तुमचा उपचार योजनेत बसतो का, ते तो सांगेल. मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याकडे उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन जा.

कागदांबाबत तुमची बाजू भक्कम आहे:

- वैद्यकीय नोंदी मागितल्यापासून ७२ तासांत द्याव्यात, असं डॉक्टरांसाठीची २००२ ची नियमावली सांगते. एमआरआयचा नुसता अहवाल नको, चित्रांची सीडी किंवा लिंकही मागा.
- दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा तुमचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २०१८ च्या सनदेत तो नमूद आहे. तपासणी ठरावीक लॅबमध्येच करा, अशी सक्ती करता येत नाही.
- पाठीतून पाणी काढण्यासारख्या प्रक्रियेआधी तुम्हाला कळेल अशा भाषेत माहिती द्यायला हवी. मराठीत सांगा म्हणायला लाजू नका.
- महाराष्ट्राच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचं आहे. नसेल तर पालिकेच्या प्रभाग कार्यालयातल्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा.

हे मात्र करू नका

अँटीबॉडी खाली आणण्यासाठी थायरॉइडची गोळी स्वतः वाढवू नका. जास्त झाली तर छातीत धडधड आणि हाडं ठिसूळ. गोळी उपाशीपोटी पाण्यासोबत घ्या, चहा अर्धा-एक तासाने, आणि लोह किंवा कॅल्शियम चार तासांच्या अंतराने. अनेकांचं टीएसएच केवळ सकाळच्या चहामुळे हलत नाही. ‘अँटीबॉडी साफ करणारे’ महागडे कोर्स विकणाऱ्यांपासून दूर राहा. आणि पाच डॉक्टरांना पाच वेगवेगळ्या फायली दाखवू नका. एक फाइल, एक डॉक्टर मुख्य, बाकीचे सल्ल्याला.

तपासण्यांतून लक्षणांचं कारण वेगळंच निघालं, तरी वाढलेलं अँटी-टीपीओ विसरून जाऊ नका. इंग्लंडमधल्या व्हिकहॅम इथे वीस वर्षं चाललेल्या पाहणीत टीएसएच आणि अँटीबॉडी दोन्ही वाढलेल्या स्त्रियांपैकी दर वर्षी सुमारे चार टक्क्यांना पुढे थायरॉइडची कमतरता झाली. नुसत्या अँटीबॉडी असलेल्यांत हे प्रमाण दोन टक्के होतं. म्हणून वर्षातून एकदा टीएसएच करा, आणि गरोदर राहण्याचा विचार असेल तर त्याआधी. पुढच्या चाचणीची तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा.